सुरतेचा जोडा आणि अध्यक्षाची निवड

तारीख २७ डिसेंबर १९०७ रोजी सुरत शहरी राष्ट्रीय सभेच्या मंडपात दक्षिणी वळणाचा एक जोडा श्रोत्यांमधून उडाला, व्यासपीठावर सुरेंद्रनाथ बॅनर्जी व सर फिरोजशहा मेथा या दोघांनाही लागला आणि खाली पडला. पुढे खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, पोलिसांनी येऊन मंडप मोकळा केला आणि राष्ट्रीय सभेचे तेविसावे अधिवेशन अध्यक्षाचे भाषण होण्यापूर्वीच संपले. शाळेतील पुस्तकांत हा प्रसंग मवाळ आणि जहाल यांच्या भांडणाचा कळस म्हणून दोन ओळींत सांगतात आणि पुढे जातात. आमच्या मते त्या दोन ओळींत मुख्य गोष्टच राहून जाते. त्या घटकेस सभेपुढे बहिष्काराचा ठराव नव्हता, स्वराज्याचाही नव्हता. सभेपुढे होता तो अध्यक्षाच्या निवडीचा ठराव. आणि अध्यक्ष निवडतात म्हणजे नेमके काय करतात, हेच त्या सोळाशेंच्या आसपास प्रतिनिधींस कोणी ठरवून दिलेले नव्हते.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत ज्यांचे माग चालतात, अशा आमच्या वाचकांस ही शंभर वर्षांपूर्वीची कज्जेदलाली आज कशास, असे वाटण्याचा संभव आहे. त्यांनी थोडा धीर धरावा. पेढी फुटते तेव्हा भांडण मालापेक्षा नावावर, शिक्क्यावर आणि वहीवर अधिक होते, हा अनुभव त्यांस आमच्याहून जास्त आहे. राजकीय पक्ष फुटतो तेव्हाही तेच होते; फरक इतकाच की पेढीसाठी कायदा आहे.

या विषयाचा पहिला धडा जगास अमेरिकेने दिला, तोही ठेच लागून. सन १७८७ मध्ये फिलाडेल्फियास बसून ज्यांनी त्या देशाची राज्यघटना लिहिली, ते बहुतेक कायदा जाणणारे व इतिहास वाचलेले लोक होते. रोमचे व इंग्लंडचे तट कसे माजले, हे त्यांस ठाऊक होते. म्हणून त्यांनी पक्ष ही वस्तूच विचारात घेतली नाही. घटनेत त्या शब्दाला जागा नाही. प्रत्येक राज्याने काही निर्वाचक नेमावेत, प्रत्येक निर्वाचकाने दोन नावे लिहावीत, त्यांपैकी निदान एक तरी दुसऱ्या राज्यातील असावे. ज्यास सर्वांत अधिक मते व ती निर्वाचकांच्या निम्म्याहून अधिक, तो अध्यक्ष, आणि त्याच्या खालचा उपाध्यक्ष. योजना कागदावर सुबक होती. १७८९ साली वॉशिंग्टन यांस सर्वच्या सर्व ६९ निर्वाचकांनी मत दिले, १७९२ साली सर्वच्या सर्व १३२ जणांनी. एकच माणूस सर्वांस मान्य असला की कोणतीही पद्धत चालते. ती परीक्षाच नव्हे.

परीक्षा घरातच सुरू झाली होती. वॉशिंग्टन यांच्या मंत्रिमंडळात हॅमिल्टन खजिन्यावर आणि जेफरसन परराष्ट्र खात्यावर होते. हॅमिल्टन म्हणत, राष्ट्राचे कर्ज राष्ट्राने उचलावे, बँक काढावी, कारखान्यांस जकातीचे संरक्षण द्यावे. जेफरसन व मॅडिसन यांस त्यात सावकारांचे राज्य दिसे. त्यांचा भरवसा शेतकऱ्यावर व घटक राज्यांवर. येथवर हा मतभेद झाला. त्याचा पक्ष कधी झाला? आमच्या धंद्यास थोडी लाज वाटावी असे उत्तर आहे: वर्तमानपत्रे निघाली तेव्हा. १७८९ साली हॅमिल्टन यांच्या बाजूचे फेनो यांचे पत्र निघाले. १७९१ साली जेफरसन यांच्या बाजूचे फ्रेनो यांचे निघाले, आणि या फ्रेनो महाशयांस जेफरसन यांनी आपल्याच खात्यात भाषांतरकाराची नोकरीही देऊन ठेवली. सरकारी पगारावर सरकारविरोधी पत्र चालविण्याचा हा प्रकार पाहून आजच्या संपादकांनी फार नाक मुरडू नये. पगार कोठून येतो, एवढे तेथे निदान सर्वांस ठाऊक होते.

वॉशिंग्टन यांनी १७९६ साली निवृत्त होताना देशास जे निरोपाचे पत्र लिहिले, तेही एका दैनिकातच छापले गेले, आणि त्यात पक्षबुद्धीपासून सावध राहण्याचा उपदेश होता. त्याच वर्षीच्या निवडणुकीत आडॅम्स यांस ७१ व जेफरसन यांस ६८ मते पडली. आणि घटनेच्या नियमाप्रमाणे एका तटाचा पुढारी अध्यक्ष व विरुद्ध तटाचा पुढारी त्याचाच उपाध्यक्ष झाला. दोन सवतींस एकाच चुलीवर बसविल्यासारखा हा प्रकार होता. दोनच वर्षांनी आडॅम्स यांच्या पक्षाने राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, विधिमंडळ व अध्यक्ष यांची निंदा त्याने दंडनीय ठरविली. उपाध्यक्षाचे नाव मात्र त्या यादीत नव्हते, कारण उपाध्यक्ष होते जेफरसन. संपादक तुरुंगात गेले. व्हरमाँटचे एक सभासद मॅथ्यू लायन यांस चार महिन्यांची कैद झाली, आणि मतदारांनी त्यांस तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. आमच्या १२४अ कलमाशी तुलना करणाऱ्या वकिलास येथे एक फरक टिपून ठेवावासा वाटेल: लिहिले ते खरे होते, असा बचाव अमेरिकेच्या त्या कायद्यात मोकळा होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे १८९७ साली टिळकांस तो मोकळा नव्हता.

मग आली १८०० सालची निवडणूक. तोवर दोन्ही पक्ष इतके शिस्तीचे झाले होते की, जेफरसन यांच्या पक्षाच्या प्रत्येक निर्वाचकाने पक्षाची दोन्ही नावे लिहिली: जेफरसन आणि बर. दोघांस सारखीच ७३ मते! अध्यक्ष कोण व उपाध्यक्ष कोण, हे त्या ७३ जणांच्या मनात स्पष्ट होते, कागदावर नव्हते. आणि कायदा मन वाचीत नाही. प्रश्न प्रतिनिधिगृहाकडे गेला. तेथे राज्यागणिक एक मत, सोळा राज्ये, नऊ मते हवीत. ११ फेब्रुवारी १८०१ पासून मतदान सुरू झाले आणि पस्तीस वेळा जेफरसन यांस आठच राज्ये मिळाली. हॅमिल्टन यांनी आपल्या पक्षास पत्रांवर पत्रे लिहून विनविले की, जेफरसन माझे वैरी असले तरी त्यांस काही तत्त्व आहे, बर यांस ते नाही. अखेर १७ फेब्रुवारीस छत्तिसाव्या खेपेस काही विरोधकांनी मत न देण्याचे ठरविले आणि जेफरसन दहा राज्यांनिशी निवडले गेले. व्हरमाँटचे एक प्रतिनिधी बाजूस झाले म्हणून त्या राज्याचे मत दुसऱ्याच्या एकट्याच्या हाती आले. हा दुसरा म्हणजे तोच मॅथ्यू लायन. ४ मार्च रोजी आडॅम्स यांनी राजधानी सोडली, जेफरसन यांनी शपथ घेतली, आणि एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सत्ता गोळी न सुटता गेली. (गोळी सुटली ती १८०४ साली, बर यांनी हॅमिल्टन यांस द्वंद्वयुद्धात मारले तेव्हा, पण तो खासगी हिशेब.) त्याच १८०४ साली बारावी घटनादुरुस्ती होऊन अध्यक्ष व उपाध्यक्ष यांची मते वेगळी झाली.

या कथेस सोन्याचा मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. त्या निवडणुकांत स्त्रियांस जवळजवळ कोठेच मत नव्हते, गुलामांस तर नव्हतेच. उलट दर पाच गुलामांमागे तीन माणसे मोजून त्यांच्या धन्यांच्या राज्यांस जास्तीचे निर्वाचक मिळत, आणि त्या जास्तीच्या मतांचा लाभ १८०० साली जेफरसन यांच्याच बाजूस झाला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस या हिशेबावर निवडून आला, हे त्यांच्या चाहत्यांनी विसरू नये. आम्हांस त्या कथेतून घ्यायचे ते एवढेच: पक्ष नकोत म्हणून पक्ष टळत नाहीत, ते येणारच असे धरून नियम करावे लागतात, आणि नियम चुकला तर तो लेखणीने सुधारावा लागतो.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रात प्रतिनिधित्वाची पहिली नेटकी कल्पना सापडते ती पुण्याच्या सार्वजनिक सभेत. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या खटपटीने ती २ एप्रिल १८७० रोजी निघाली. तिचा एक नियम प्रत्येक वकिलाने वाचण्यासारखा आहे. ज्यास सभासद व्हायचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. पहिल्या ९५ सभासदांनी सहा हजारांच्या सह्या आणल्या. ज्या काळी सरकार या देशात कोणासही मत विचारीत नव्हते, त्या काळी काही वकील व व्यापारी मंडळींनी आपसांत ठरविले की, आम्ही बोलू तर कोणाच्या तरी अधिकाराने बोलू. रानडे यांच्या मार्गदर्शनाने त्या सभेने दुष्काळावर, सारापद्धतीवर जे अर्ज केले त्यांस वजन आले ते या सह्यांमुळेही आले.

त्याच सभेत पंचवीस वर्षांनी महाराष्ट्रातील पहिली पक्षीय निवडणूक झाली. १८९५ च्या जुलैत वार्षिक निवडीच्या वेळी टिळकांच्या अनुयायांनी बहुमत मिळविले. रानडे यांचे मंडळ बाहेर पडले. गोखले यांनी चिटणिशी सोडली आणि १८९६ साली रानडे पक्षाने डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली. टिळकांकडे नाव व पेढी राहिली, गोखल्यांकडे सरकारदरबारची पत राहिली. पण १८९७ च्या मार्चात सरकारने सार्वजनिक सभेस सरकारशी बोलणे करण्याचा अधिकार नाही असे जाहीर केले, आणि जिंकलेल्यांच्या हाती रिकामी पेटी आली. त्याच १८९५ सालच्या डिसेंबरात पुण्यास राष्ट्रीय सभा भरली तेव्हा सामाजिक परिषद त्याच मंडपात भरवू द्यावी की नाही यावर रण माजले, आणि रानडे यांनी आपण होऊन परिषद दुसरीकडे नेली. सुरतेचा जोडा त्या दिवशी पुण्यात कोणी उचलला नाही, याचे श्रेय आम्ही रानडे यांस देतो. मात्र आमचा जो सुधारक वाचक १८९५ च्या निवडणुकीस कारस्थान म्हणतो, त्यास विचारावेसे वाटते: सभासद नोंदवून, नियमाप्रमाणे मते मिळवून बहुमत करणे हे कारस्थान, तर निवडणूक म्हणतात कशास?

राष्ट्रीय सभेची गोष्ट याहून बिकट. तेथे अध्यक्ष निवडण्याची रीत अशी की, ज्या गावी अधिवेशन त्या गावची स्वागतसमिती नाव ठरवी आणि मंडपात टाळ्यांच्या कडकडाटात ते पसंत होई. १८९९ साली लखनौस काही नियम झाले, पण त्यांचा अंमल फारसा झाला नाही. यजमान प्रांताचा माणूस अध्यक्ष करू नये, असा संकेत होता. अमेरिकेच्या निर्वाचकास एक नाव परराज्यातले लिहावे लागे, त्याच जातीची ही भीती. १९०६ साली कलकत्त्यास टिळकांचे नाव पुढे येते असे दिसताच ऐंशी उलटलेल्या दादाभाईंस विलायतेहून बोलावून आणले. त्यांच्यापुढे कोणी उभा राहणार नव्हता. वॉशिंग्टन यांचीच युक्ती ही. दादाभाईंनी मात्र अध्यक्षस्थानावरून स्वराज्य हा शब्द उच्चारला, आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण हे ठराव झाले.

पुढील अधिवेशन नागपुरास ठरले होते. तेथे जहालांचा जोर दिसताच ते उचलून सुरतेस नेले. सुरत मुंबई इलाख्यात. म्हणजे मेथा यांचा बालेकिल्ला, आणि वर टिळक यजमान प्रांताचे ठरल्यामुळे अध्यक्षपदास आपोआप बाद. जहालांनी मंडालेहून नुकत्याच सुटलेल्या लाला लजपतराय यांचे नाव सुचविले. लालाजींनी ते नाकारले. मवाळांचे नाव डॉ. राशबिहारी घोष. २६ तारखेस त्यांच्या नावाची सूचना झाली, अनुमोदनास सुरेंद्रनाथ उभे राहिले आणि गोंधळामुळे सभा तहकूब झाली. २७ तारखेस टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवी यांस चिठ्ठी लिहून कळविले की, अनुमोदन झाल्यावर मला तहकुबीची उपसूचना मांडावयाची आहे. उत्तर आले नाही. अनुमोदन झाले, घोष अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले, टिळक व्यासपीठावर आले. मालवी म्हणाले, तुमचे बोलणे नियमबाह्य. घोष म्हणाले, मी निवडला गेलो आहे. टिळक हात बांधून उभे राहिले: मत घेतले कोठे?

वकिलाच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि उत्तरही रास्तच होते, कारण मत घेण्याची वहिवाट खरोखरच नव्हती. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या, म्हणून निवाडा जोड्याने केला. ज्यांनी नागपूर बदलले त्यांनी नियमाचा उपयोग शत्रूस बाहेर ठेवण्यासाठी केला. ज्यांनी मंडपात दंगा केला त्यांनी नियमाची मागणी करता करता सभाच मोडली. आम्ही स्वतः जहालांच्या राजकारणाचे अभिमानी आहोत, तरी सुरतेस त्यांचा जय झाला असे आम्हांस म्हणवत नाही.

मवाळांनी दुसऱ्याच दिवशी आपली निराळी परिषद भरविली आणि १९०८ च्या एप्रिलात अलाहाबादेस घटना केली: जो ध्येयपत्रकावर सही करील तोच प्रतिनिधी, आणि प्रतिनिधी निवडणार मान्य समित्याच. राष्ट्रीय सभा हे नाव त्यांच्याकडे राहिले. जुलैत टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले. अमेरिकेत हरलेला पक्ष तुरुंगातून निवडून येऊ शकला, येथे येऊ शकला नाही. ज्या सरकारने तुरुंगात घातले त्यास मतपेटी ठाऊक नव्हती. आठ वर्षे सभेची अधिवेशने भरत राहिली, पण मंडप ओस. १९१५ साली गोखले गेले, मेथा गेले. त्याच वर्षी मुंबईस घटनेचे दार थोडे किलकिले केले आणि १९१६ साली लखनौस टिळक आत आले. दोनच वर्षांत पाळी उलटली: बहुमत हातचे गेलेले पाहून १९१८ साली सुरेंद्रनाथ प्रभृतींनी स्वतःच बाहेर पडून लिबरल पक्ष स्थापिला. यावेळी खुर्ची मोडली नाही. नागपुरास १९२० साली चार आण्यांचे सभासदत्व आणि भाषावार प्रांतिक समित्या असलेली जी घटना झाली, तिच्या मसुद्यात गांधीजींबरोबर न. चिं. केळकर यांचाही हात होता. सुरतेच्या धूळधाणीतून निघालेले खरे पीक ते.

सोलापूरकरांस या इतिहासात एक पान आहे. १९२० च्या एप्रिलात येथे प्रांतिक परिषद भरली, टिळक तीस हजर होते, आणि त्याच महिन्यात त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. येऊ घातलेल्या कौन्सिलाच्या निवडणुकीसाठी ठरावीक कार्यक्रम छापून मतदारांपुढे जाणारा पक्ष, ही गोष्ट येथे नवी होती. जातीवरून किंवा रूढीवरून नागरिकावर पडलेले निर्बंध दूर करावेत, हेही त्यात होते. १ ऑगस्टला टिळक वारले आणि तो जाहीरनामा कागदावरच राहिला. त्या दिवसांत सोलापुरातल्या थोड्या करदात्यांस तरी मत होते. याच रस्त्याने पूर्वेस गेले की अक्कलकोट संस्थानची हद्द लागे, आणि तेथील रयतेचा संबंध १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत राजाशीच होता. त्या वेशीच्या दोन्ही बाजूंस आज एकच मतदारयादी आहे, हे लहान काम नव्हे.

पण यादी कशाची? भारताची राज्यघटना १९५० साली अमलात आली तेव्हा तिच्यातही, फिलाडेल्फियाच्या घटनेप्रमाणेच, राजकीय पक्षाचा उल्लेख नव्हता. तो आला १९८५ साली, दहाव्या परिशिष्टात, पक्षांतर बंद करण्यासाठी. म्हणजे सभासदाने पक्षाचे ऐकावे यासाठी. पक्षाने सभासदाचे ऐकावे यासाठी आजही कलम नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यातील २९अ कलमान्वये पक्षाची नोंद होते, पण नोंद झालेल्या पक्षाने अंतर्गत निवडणूक केली नाही म्हणून नोंद रद्द करण्याचा अधिकार आयोगास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. मग पक्ष फुटला की काय होते? १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाचा पंधरावा परिच्छेद निघतो आणि आयोग शिरगणती करतो. १९६९ सालच्या काँग्रेसच्या फुटीत हेच झाले व १९७१ साली न्यायालयाने ते उचलून धरले. २०२३ च्या फेब्रुवारीत शिवसेनेचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटास आणि २०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रवादीचे नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटास मिळाले, तेव्हाही तराजूत मुख्यतः निवडून आलेले आमदार-खासदार होते. कोणता गट खरा, याविषयी आम्ही येथे मत देत नाही. आमचा आक्षेप तराजूला आहे. गावोगावचा जो साधा सभासद वर्गणी देतो व सतरंज्या उचलतो, त्याची मोजदाद करण्यास विश्वासार्ह वहीच कोणत्याही बाजूस दाखविता आली नाही.

येथे कारखानदारांस स्वतःच्या घरचे उदाहरण पुरे. टॉवेल विणणाऱ्या दहा-वीस मंडळींनी सहकारी संस्था काढली तर १९६० च्या कायद्याने तिची पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे. मतदारयादी सरकारी प्राधिकरण तपासते. कंपनी काढली तर वार्षिक सभा, भागीदारी केली तर १९३२ चा कायदा. राज्य चालविणाऱ्या पक्षास मात्र यांतले काहीच लागू नाही. कायदा आयोगाने १९९९ सालच्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत निवडणुका व हिशेब सक्तीचे करावेत असे सुचविले. त्याचा कायदा करण्याचे काम ज्यांच्या हाती, त्यांच्यावरच तो लागू व्हावयाचा असल्याने तो झाला नाही. मोठ्या पक्षांत क्वचित उजाडते: काँग्रेसने २०२२ च्या ऑक्टोबरात अध्यक्षपदासाठी खरोखर मतदान घेतले, आणि आमच्या शेजारच्या कलबुर्गीचे मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७ विरुद्ध १,०७२ मतांनी निवडून आले. तशी मतमोजणी किती पक्षांत झाली, हे वाचकांनीच बोटांवर मोजावे. एक हात बहुधा पुरेल.

तोवर हाती आहे ते करावे. निवडणुका आल्या की सर्व पक्षांची माणसे वसाहतीत वर्गणीस येतात, आणि देणारे एकास नाही म्हणता येत नाही म्हणून सर्वांस देतात. पावती फाडण्यापूर्वी त्यांस तीन गोष्टी विचाराव्यात: तुमच्या शहर शाखेचे सभासद किती व त्यांची यादी कोठे पाहावयास मिळेल, तुमचा जिल्हाध्यक्ष कोणत्या तारखेस निवडला गेला, आणि त्या निवडीत मते किती जणांनी दिली. उत्तरे लिहून आमच्याकडे पाठविल्यास, पक्षाचे नाव कोणतेही असो, आम्ही ती जशीच्या तशी छापू.